वऱ्हाडातला कडेचा माणूस

रेल्वेवरच्या पुस्तकांचा मला पहिल्यापासून राग आहे. उघडून बघा कुठलंही. पहिल्या पानावर इंजिन, दुसऱ्या पानावर इंजिन, मधे एखादा पूल, मग परत इंजिन. खाली इंजिनाचा नंबर, चाकं किती, कुठल्या कारखान्यात बनलं, सगळं. आणि डब्याच्या दारात लोंबकळणारी पंचवीस माणसं? त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. अरे, गाडी काय इंजिनाला हवापालट करायला आणली होती का?

म्हणून मी ठरवलं, आपल्या छोट्या गाडीचं पुस्तक करायचं तर ते बसणाऱ्यांचं करायचं. छोटी गाडी म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी-लातूरची, अडीच फुटी रुळावरची. आता मोठी लाईन झाली, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. माझे वडील बंडप्पा धाराशिवात फोटो स्टुडिओ चालवायचे आणि येडशीला गाडी धरून लग्नाच्या ऑर्डरी करत फिरायचे. डब्यात, फलाटावर, तिकिटाच्या खिडकीशी त्यांनी काढलेले फोटो एका पत्र्याच्या ट्रंकेत पडून होते. मी मल्लेश, वय एकसष्ट. स्टुडिओ अजून चालवतो, म्हणजे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स काढतो. तीन वर्षं डोळे फोडून मी एकशे बारा फोटो निवडले आणि एक हट्ट धरला, की प्रत्येक तोंडाखाली नाव पाहिजे. नाव नाही तर फोटो नाही.

"मेलेल्या माणसांची हजेरी घेणार का आता?" आमच्या मंडळी, शिवकन्या, म्हणाल्या.

"घेणार," मी म्हणालो.

नावं मिळवायला मी इथल्या एका पेपरात दर रविवारी एक फोटो द्यायला लागलो. खाली लिहायचं, 'यांना ओळखता का?' आणि माझा मोबाईल नंबर. चाळीस फोटो सुरळीत पार पडले. घोळ झाला तो एक्केचाळिसाव्याला.

तो फोटो असा. बार्शीच्या स्टेशनात छोटी गाडी उभी आहे. डब्याला बाहेरनं लागून जी लांब फळी असायची, तिच्यावर चार गडी दाटीवाटीनं बसलेत. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात एवढंच, 'ढोकीचं वऱ्हाड, परत, १९७१.' लग्न लावून वऱ्हाड माघारी निघालेलं, आणि मुलीकडच्यांनी निघताना प्रत्येकाला टोपी-टावेल दिलेला. रीतच आहे आपल्याकडं. आता त्या रीतीनं माझी काय वाट लावली बघा. चौघांच्या डोक्यावर तीच कोरी टोपी, चौघांच्या गळ्यात तोच टावेल, चौघांच्या मिशा एकाच न्हाव्यानं कोरल्यासारख्या, आणि चौघांच्या डोळ्यांवर टोपीची सावली. तिघांची नावं त्यांच्या नातवंडांनी ढोकीतनं कळवली. तिघंही केव्हाच वारलेले. उजव्या हाताला अगदी कडेला जो बसला होता, तो तेवढा कुणालाच माहीत नव्हता.

मंगळवारी दुपारी एक म्हातारी स्टुडिओत आली. भूमकडच्या एका वाडीवरनं दोन एसट्या बदलून एकटी आली होती. तिनं पिशवीतनं प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातनं पेपराचं कात्रण काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे आमचे मालक हायत," ती म्हणाली. बोट कडेच्या माणसावर.

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. कमलबाई तिचं नाव. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ढोकीजवळच्या वस्तीवर आली. तीन वर्षांनी नवऱ्याला वैरणीत साप चावला. मूलबाळ नव्हतं. भावानं माहेरी आणली, ती आजतागायत तिकडंच होती.

"त्यांचा येकबी फोटो न्हाय वो भाऊ. लग्नात फोटोवाला न्हवता. पन्नास वर्सं झाली. समद्या बाया आपल्या मालकाच्या फोटोला हार घालत्यात. म्या कशाला घालू? भितीला?" ती म्हणाली. "आता माझं काय खरं न्हाय. जायच्या आधी त्यांचं तोंड घरात असावं, येवढंच वाटतंय."

"तुमची खात्री आहे ना मावशी?"

"आपला माणूस वळकू येत न्हाय व्हय?"

 मी वही उघडली. "नाव काय त्यांचं?"

 खाली बघून पदराशी चाळा. मी परत विचारलं.  मग तिनं कमरेच्या पिशवीतनं आधारकार्ड काढलं आणि टेबलावरनं सरकवलं. "हितं बघा की. मधलं."

कमलबाई शिवपुत्र बिराजदार. नवरा जाऊन पन्नास वर्षं उलटली, पण बाईनं तोंडानं नाव घेतलं नाही.

मी त्या कडेच्या माणसाचं तोंड मोठं करून प्रिंट काढलं, काच घालून फ्रेम केली आणि तिच्या हातात दिली. तिनं काचेवरनं पदर फिरवला, इतका वेळ बघत राहिली की बाहेर झेरॉक्सवाली दोन गिऱ्हाइकं निघून गेली. "पोट भरलं बघा भाऊ आज," म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं केलेल्या कामाचं सार्थक झालं असं मला त्या दिवशी वाटलं.

हे वाटणं शुक्रवारपर्यंत टिकलं.

शुक्रवारी तेरखेड्याहून फोन. कुणी रणधीर म्हणून. "सायेब, ते कडंला बसलेत ना, ते आमचे चुलते. आमच्याकडं फटाक्याच्या कारखान्यात हुते. आख्खं तेरखेडा सांगंल."

"अहो, ते शिवपुत्र बिराजदार आहेत. त्यांच्या बायकोनं ओळखलंय."

"कंची बायको? चुलत्याचं लगीनच झालं न्हवतं!"

मी म्हणालो, पुरावा द्या. त्यानं मोबाईलवर चुलत्याचा फोटो पाठवला. आणि काय सांगू तुम्हाला! तोच माणूस. तीच टोपी, तीच मिशी, तीच हनुवटी. मी भिंग घेऊन बसलो. नाकावर गेलो, नाक जुळलं. कानावर गेलो, तर एक कान जुळला, दुसरा टोपीत. परत कमलबाईंचं बोलणं आठवलं, आपला माणूस ओळखू येत नाही व्हय. मग परत पेपरातल्या फोटोकडं बघितलं तर आता तो दोघांपैकी कुणासारखाच दिसेना. शेवटी वैतागून मी शिवकन्येला हाक मारली. तिनं चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"हे तर मामंजी दिसत्यात."

"कोण?"

"तुमचे वडील वो. टोपीत असेच दिसायचे."

"अगं, फोटो वडिलांनी काढलाय! फोटो काढणाराच फोटोत कसा बसेल?"

"ते मला काय माहीत. दिसत्यात ते सांगितलं."

आणि खरं सांगतो, मला पण तो बंडप्पाच दिसायला लागला. डोक्याचा पार भुगा झाला. टोपी घातली की मराठवाड्यातला प्रत्येक गडी दुसऱ्या गड्यासारखा दिसतो, हे तीन वर्षांत माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं? आधीच्या चाळीस फोटोंखालची नावं तरी बरोबर आहेत का, हाही किडा डोक्यात वळवळायला लागला. इंजिनवाल्यांचं बरं असतं. इंजिनावर नंबर पेंटनं लिहिलेला असतो.

असं किती दिवस घोळत बसणार? मी कमलबाईंच्या बाजूनं कौल दिला.

"कशावरनं?" शिवकन्येनं विचारलं.

"तेरखेड्याचा माणूस फोनवर बोलला. ही बाई दोन एसट्या बदलून आली. रडली."

"रडण्यावरनं नाव ठरतं व्हय?"

मी फोटोखाली चौथं नाव टाकलं, 'लिं. शिवपुत्र बिराजदार.' आमच्या लिंगायतांत माणूस गेला की कैलासवासी म्हणत नाहीत, लिंगैक्य म्हणतात, त्याचं ते 'लिं.' पानाचं कच्चं प्रिंट स्टुडिओच्या काचेवर चिकटवलं. रणधीरचा फोन उचलणं बंद केलं.

दोन महिने गेले. नोव्हेंबर उजाडला, म्हणजे पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचा हंगाम. जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो ना त्यांना, त्यासाठी फोटो आणि झेरॉक्सची रांग लागते. असाच एकजण काठी टेकत आला. लातूरला मुलीकडं राहणारे, मूळचे ढोकीचे, साखर कारखान्यातनं निवृत्त झालेले, पेन्शनचं खातं इथल्या बँकेत म्हणून वर्षातनं एकदा धाराशिवला येणारे. उत्तरेश्वरकाका. मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हातारा समोर बघायचं सोडून काचेकडंच बघत होता.

"काका, इकडं बघा."

"आरं, ह्ये काय लावलंयस?"

"पुस्तकाचं पान आहे. छोट्या गाडीचं. इकडं बघा."

ते उठले, काठी न घेताच काचेपाशी गेले, नाक लावून वाचायला लागले. आणि एकदम ओरडले, "लिंगैक्य? कोण लिंगैक्य? आरं, मी हितं उभा हाय की!"

रांगेतली सगळी म्हातारी मंडळी वळून बघायला लागली. "मी हयातीचा दाखला काढाया आलोय आन् तू मला काचंवर मारून टाकलंयस!"

मला वाटलं, झालं, हा चौथा. मी हात जोडले. "काका, पाया पडतो. त्या माणसावर आधीच तिघांनी हक्क सांगितलाय."

त्यांनी रागानं टोपी काढली आणि कपाळ माझ्यापुढं आणलं. डावी भुवई मधोमध तुटलेली, जुनी खोक. "ल्हानपणी बैलानं मारलंय. लाव तुझं भिंग."

लावलं. टोपीच्या सावलीत, इतके दिवस मला दिसली नव्हती ती, तुटकी भुवई होती. स्पष्ट होती.  हा माणूस कुणाचा नवरा नाही, कुणाचा चुलता नाही, माझा बाप नाही. हा हाच.

"बंडप्पाचा पोरगा ना तू?" काका म्हणाले. "बाप लई हुशार हुता तुझा. आन् ह्यो शिवपुत्र कोण घातलाय माझ्या जागी? शिवा बिराजदार? वस्तीवरचा?"

"ओळखता तुम्ही?"

"वळकतो म्हंजी? दोस्त माझा. माझ्या शेजारीच बसला हुता की त्या दिवशी! तुझा बाप म्हणतोय सरका, आत सरका, पर जागा कुठाय सरकाया? शिवा म्हणला, माझं ऱ्हाऊ द्या, तुमी काढा. म्हैन्याभरात साप चावला त्याला." ते फोटोकडं बघत राहिले. "त्याचा हात हुता की माझ्या खांद्यावर. कुठं गेला?"

मी तसाच ट्रंकेकडं धावलो. निगेटिव्ह उजेडात धरली. होता. कडेला, पार कडेला, कुणाचा तरी मनगटापासूनचा हात, काकांच्या खांद्यावर. पुस्तकासाठी फोटो तयार करताना तो मीच कापला होता. अर्धवट हात, कुणाचा ते माहीत नाही, फोटो घाण दिसतो, म्हणून उडवला. प्रत्येक माणसाला नाव देणार म्हणून गावभर मिरवणारा मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शिवकन्येनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आता त्या माउलीला कोण सांगणार?"

 दोन महिने ती बाई त्या फोटोला हार घालत असणार, विभूती लावत असणार. मी हळूच म्हणालो, "राहू द्यायचं का तसंच? तिला समाधान आहे. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय!" काका कडाडले. "जित्या माणसाला हार घालतीया ती! आन् दोस्ताच्या बायकूनं मला मालक म्हणून पुजायचं, मला सोसंल व्हय? मी येतो. चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भूमच्या एसटीत बसलो. माझ्या पिशवीत त्या हाताचा मोठा प्रिंट होता.  भूमहून जीपनं वाडीवर गेलो. कमलबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, हसल्या, "या भाऊ, घरात या." आत गेलो तर समोरच्या भिंतीवर काका. तिशीच्या आतले, टोपीतले, कपाळाला विभूती, गळ्यात शेवंतीचा ताजा हार. आणि खाली हे पंच्याहत्तरी ओलांडलेले काका, घाम पुसत. कुणाकडं बघू तेच मला कळेना.

मी सुरुवात केली आणि तीनदा अडखळलो. शेवटी काकांनी टोपी काढली. "वहिनी, मी उत्तरेश्वर. शिवाचा दोस्त. तिथं भितीवर बसलोय, त्यो मी हाय. शिवा न्हाय."

कमलबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, परत त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं आता भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"उत्रेसर," त्या म्हणाल्या. "नाव ऐकलं हुतं त्यांच्या तोंडनं."  "मग त्यांचं तोंड कसं हुतं वो भावजी?"

काका माझ्याकडं बघायला लागले.

"खरं सांगते," कमलबाई म्हणाल्या. "तीन वर्सं नांदले. पर सासू, सासरे, दोन दीर घरात. दिसभर पदर हितपतोर." त्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "मान वर केली की सासू म्हणायची, डोळं फुटलं का. रातच्याला दिवा न्हाय. त्यांचं तोंड म्या धड बघितलंच न्हाय. उलीसं आठवत हुतं, तेबी पन्नास वर्सांत पुसलं. पेपरात ढोकी म्हणले, वऱ्हाड म्हणले, त्या वऱ्हाडाला गेल्याचं मला ठावं. म्हणलं हेच असतील. दोन म्हैनं मनानं ह्येच धरलं. आता हेबी न्हाईत. लई फसले वो म्या."

आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, लहान पोरीसारख्या. मी आजवर शेकडो माणसांना त्यांचे फोटो दिलेत, पण फोटो परत काढून घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पिशवीतला प्रिंट बाहेर काढायचा धीर होईना. एका हाताचा फोटो! त्याचं काय करणार ही बाई? पण काकांनी कोपर मारलं. मी काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"एवढंच आहे मावशी. हे मीच कापलं होतं. चूक झाली माझी."

त्यांनी डोळे पुसले. चष्मा पुसला. प्रिंट दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांजवळ नेला. 

"ह्यो अंगठा बघा," त्या म्हणाल्या. आवाज पार बदलला होता. "कसा मागं वळलाय. भाकरी मोडताना असाच वळायचा. पदराखालनं मला ताट दिसायचं आन् ताटात हात दिसायचे. तीन वर्सं, दोन येळला. बाकी काय न्हाय दिसलं, पर हात दिसले. हे हायत. हे आमचे मालक हायत."

या वेळी मी खात्री आहे का असं विचारलं नाही.

त्यांनी अंगठ्यावरनं बोट फिरवलं, मनगटावरनं फिरवलं. मला म्हणाल्या, "पुस्तकात घालशीला ह्यो?"

"पूर्ण फोटो घालतो. खाली नाव पण. शिवपुत्र बिराजदार."

नाव ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग काकांकडं वळल्या. "भावजी, फोटो काढून झाला, मग काढला का वो हात त्यांनी?"

"न्हाय वहिनी," काका म्हणाले. "फळी अरुंद हुती, मी निम्मा भाईर. पडशील म्हणला. बार्शीपासनं पार ढोकी येईस्तोवर धरून बसला हुता."

"कंचा खांदा?"

काकांनी काठी भिंतीला लावली. अवघडून वळले आणि डावा खांदा पुढं केला. कमलबाई उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढं ओढला, पार नाकापर्यंत. मग हात लांब करून त्या खांद्यावर चार बोटं टेकवली, आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. काका हलले नाहीत. मी पण हललो नाही.